पठाण सरांच्या गाडीचा पंप

सव्विसाव्या ओळीवर माझं बोट थांबलं.

कंपनीकडून रिकॉलची यादी आली होती. आमच्या वर्कशॉपच्या हद्दीतल्या साठेक गाड्या. एकेका मालकाला फोन करायचा, गाडी बोलवायची, पेट्रोलचा पंप बदलून द्यायचा. पंचवीस फोन झाले होते. सव्विसावं नाव होतं पठाण खलील अहमद, तेरखेडा. पुढं मोबाइल नंबर, चॅसिस नंबर आणि गाडीचा रंग. पांढरा.

मी फोन टेबलावर ठेवला. पठाण सर मे महिन्यात गेले होते. याच गाडीत.

मी धाराशिवला एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायजर आहे. म्हणजे तुम्ही गाडी घेऊन आलात की तुमच्याशी जो बोलतो, तक्रार जॉब कार्डवर लिहून घेतो आणि संध्याकाळी गाडी तुमच्या ताब्यात देतो, तो माणूस. हात काळे होत नाहीत. पण मी मूळचा मेकॅनिक. अकरा वर्षं पाने फिरवले, मग इस्त्रीचा शर्ट आला.

रिकॉल म्हणजे काय, तेही सांगतो. कारखान्यात एखादा पार्ट सदोष बनला आणि हे गाड्या विकल्यानंतर लक्षात आलं, तर कंपनी तेवढ्या गाड्या परत बोलावते आणि तो पार्ट फुकट बदलून देते. या वेळचा पार्ट होता फ्युएल पंप. मागच्या सीटखाली, पेट्रोलच्या टाकीत बुडालेला असतो. त्यात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, प्लॅस्टिकचा एक पंखा असतो. तो फिरतो आणि पेट्रोल इंजिनकडं ढकलतो. कंपनीचं पत्र सांगत होतं की काही गाड्यांमधला हा पंखा पेट्रोल शोषून हळूहळू फुगतो. मग ऊन जास्त असलं, टाकीत पेट्रोल कमी असलं की पंप तापतो, पंखा आणखी फुगतो आणि भोवतीच्या कवचाला घासून अडकतो. इंजिन चालत्या गाडीत बंद पडतं. थोड्या वेळानं पंप थंड झाला की गाडी पुन्हा चालू. जणू काही झालंच नव्हतं.

पत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पठाण सरच होते.

सर तेरखेड्याला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. सडपातळ, कायम फुल शर्ट, खिशाला दोन पेन. गाडी त्यांनी नवी घेतली होती आणि पहिल्या सर्व्हिसपासून माझ्याकडंच यायचे. पहिल्यांदा तक्रार घेऊन आले ते गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात.

"गव्हाणे, गाडी चालता चालता बंद पडते. दहा मिनिटं थांबलो की चालू होते."

आम्ही स्कॅनर लावला. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र असतं ते. बिघाड झाला असेल तर त्याचा कोड दाखवतं. कोड काही आला नाही. प्लग साफ केले, थ्रॉटल साफ केलं आणि मी त्यांना म्हणालो, "सर, पेट्रोल कुठं भरता? दुसऱ्या पेट्रोलपंपावर भरून बघा."

त्यांनी पेट्रोल दुसरीकडं भरायला सुरुवात केली. पावसाळाभर गाडी नीट चालली. मार्चमध्ये ते पुन्हा आले. पुन्हा स्कॅनर, पुन्हा काही नाही. आमच्या ड्रायव्हरनं सकाळी साडेनऊला गाडी तुळजापूर रोडला नेऊन आणली. गाडी मस्त पळाली.

तिसऱ्यांदा आले ते एप्रिलच्या शेवटी. हातात चौकटीची वही होती, पोरांना गणिताला असते तसली. वही माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "मी सगळं लिहून आणलंय. कधी बंद पडली, किती वाजता, टाकीत पेट्रोल किती होतं. तुम्ही बघा. दुपारीच पडते. सकाळी कधीच न्हाय. तुम्ही टेस्ट घेता सकाळी."

"बघतो सर."

"एक काम करू. मी थांबतो इथं. तीन वाजता तुम्ही माझ्यासंगं बसा. येडशीपर्यंत जाऊ, परत येऊ. तुमच्या डोळ्यांनी बघा."

त्या दिवशी महिनाअखेर होती. माझ्यापुढं चौदा गाड्या होत्या. साहेब सकाळपासून दोनदा येऊन गेले होते. मी म्हणालो, "सर, आज काय शक्य न्हाय. गाडीत काही निघालं तर निघंलच की."

सर बाकावर बसून राहिले. पाच वाजता मी त्यांना गाडी दिली. जॉब कार्डवर आमच्याकडं एक ठरलेला शेरा आहे, तो लिहिला. तक्रार आढळली नाही. खाली त्यांनी सही केली. सही करताना म्हणाले, "आढळली न्हाय, हे खरंय तुमचं." रागावले नव्हते. वर्गात एखाद्या पोरानं अर्धं बरोबर उत्तर दिल्यावर मास्तर बोलतो तसं बोलले.

मेमध्ये त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तपासणीला धाराशिवला यायचं होतं. डोळ्याला पट्टी, म्हणून गाडी त्यांची मुलगी नाझनीन चालवत होती. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. लायसन्स मिळून चार महिने झाले होते. येरमाळ्याच्या पुढं, चढावर, दुपारी दोनच्या सुमाराला गाडी बंद पडली. गाडी कडेला घेईपर्यंत मागून कांद्याचा टेम्पो आला. गाडी ढकलत जाऊन सरांच्या बाजूनं कठड्यावर आदळली. नाझनीनचा हात मोडला. सर सिव्हिलला पोचेपर्यंत गेले.

मला दुसऱ्या दिवशी पेपरातून समजलं. गाडी बंद पडल्यामुळं, असं त्यात लिहिलं होतं. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग पेपराची घडी घातली आणि बाहेर उभ्या असलेल्या गाडीचं जॉब कार्ड उघडलं. मी मातीला गेलो नाही. कुणाशी काही बोललोही नाही. सरांची तक्रार खरी होती हे ज्याला त्याच दिवशी समजलं होतं, असा आमच्या वर्कशॉपमध्ये मी एकटाच होतो.

आणि आता दसरा झाल्यावर ही यादी आली.

मी उठून साळुंके साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साळुंके आमचे वर्क्स मॅनेजर. माणूस वाईट नाही. मी यादी पुढं ठेवली.

"साहेब, हे पठाण सर. मेमध्ये गेले, ते."

त्यांनी नाव वाचलं. चष्मा काढला. "तीनदा आलती ना ही गाडी आपल्याकडं?"

"व्हय."

ते खिडकीतून वॉशिंगच्या रॅम्पकडं बघू लागले. मग म्हणाले, "सिस्टीममध्ये स्क्रॅप टाका. गाडी स्क्रॅप झाली म्हणजे ओळ बंद होती."

"गाडी स्क्रॅप न्हाय झाली. घरामागं उभी हाय म्हणं."

"गव्हाणे, ऐका माझं. फोन करू नका. जाऊ नका. त्या घराला आता कुठं जरा सावरता आलं असंल. तुम्ही जाऊन काय सांगणार? पंपात दोष होता म्हणून? माणूस परत येणार हाय का?"

"न्हाय."

"मग?"

मी बाहेर आलो, पण ओळ बंद केली नाही. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन सरांच्या गाडीची फाइल काढली. तीन जॉब कार्डं होती. आणि तिसऱ्या कार्डामागं ती चौकटीची वही. मी ती एप्रिलमध्ये न उघडता फाइलला लावून टाकली होती.

तिथंच स्टुलावर बसून वाचली. चार पानं होती. पट्टीनं आखलेले रकाने. वार, वेळ, कुठं, ऊन, टाकीत पेट्रोल किती, किती मिनिटांनी चालू झाली. सोळा नोंदी. सगळ्या दुपारी बारा ते चारमधल्या. पेट्रोल कायम पाव टाकीच्या खाली. शेवटच्या पानावर सरांनी एक ओळ लिहिली होती. 'पंप तापत असावा काय? तज्ज्ञांनी पाहावे.'

कंपनीच्या पत्रात जे होतं, ते सगळं या ओळीत होतं. सहा महिने आधी. आणि तज्ज्ञ म्हणजे मी.

दोन दिवसांनी मी रजा टाकली. टूलकिट, एक बॅटरी, कंपनीचं पत्र आणि ती वही घेऊन तेरखेड्याला गेलो. दिवाळी जवळ आल्यामुळं फटाक्यांच्या दुकानांपुढं गाड्यांची रांग लागली होती. सरांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत. दार भाभींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं उघडलं. त्यांची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरातच राहायचे चार महिने दहा दिवस, संपून थोडेच दिवस झाले होते. मला ओळखलं नाही.

"मी गव्हाणे. धाराशिवच्या वर्कशॉपमधून. सरांची गाडी मी बघायचो."

"या," म्हणाल्या. पाणी दिलं. मी पत्राचा विषय कसा काढावा याचा विचार करत होतो. शेवटी सरळच सांगितलं. पंपात कंपनीचा दोष होता, अशा गाड्या कंपनी परत बोलावतीय, तुमची त्यातलीच एक.

भाभींनी पत्र हातात घेतलं. मराठी वाचायच्या, पण ते इंग्रजीत होतं. तरी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "आता बदलून देनार का पंप?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरोखर विचारत होत्या.

"आमच्या नाझनीनला सांगा तुमी हे," त्या म्हणाल्या. "ती बोलत न्हाय. कॉलेजला जात न्हाय. तिचे चाचा मातीच्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले, पोरीच्या हातात गाडी दिली म्हणून भाई गेला. तेव्हापासून ती तेच धरून बसलीय. पोलिसांना पण तिनं तसंच लिहून दिलं. माझ्याकडून क्लच लवकर सुटला, म्हणून."

नाझनीन आतल्या दारात येऊन उभी होती. बापासारखीच सडपातळ. उजवा हात कोपरात अजून पूर्ण सरळ होत नव्हता. मी उभा राहिलो. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी ऐकलं सगळं. पण चढ होता. तिसऱ्या गिअरवरून दुसरा टाकला आणि गाडी बंद पडली. क्लच माझ्याच पायाखाली होता."

"बाई, गाडी तुझ्या पायानं बंद पडली का पंपानं, हे बघता येईल. मला गाडी दाखव."

घरामागच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली गाडी उभी होती. डिक्की आत गेली होती. मागची सीट वाकलेली. ती काढायलाच मला तास लागला. खालचं झाकण उघडलं, पाइप सोडवले, पंप बाहेर काढला. टाकीत पेट्रोल तळाला होतं. पाव टाकीच्या किती तरी खाली. पंपातलं पेट्रोल पूर्ण निथळू दिलं, पुसून कोरडा केला, गाडीपासून लांब भिंतीच्या कडेला नेला आणि बॅटरीच्या दोन वायरी लावल्या.

पंप फिरला. बारीक आवाज करत छान फिरला.

नाझनीन शेजारीच उभी होती. तिनं तोंड फिरवलं आणि घराकडं निघाली. भाभींनी तिच्या दंडाला धरलं, तिनं सोडवून घेतलं.

"थांब," मी म्हणालो. "हा थंड हाय."

मी पिशवीतून वही काढून तिच्या हातात दिली. बापाचं अक्षर बघून ती खालीच बसली, पायरीवर. पानावरून बोट फिरवत राहिली. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर तिनं वर बघितलं.

"हे तुमच्याकडं कसं?"

"एप्रिलमध्ये सरांनी दिली होती. मी उघडली न्हाय."

भाभींनी पाणी तापवलं. उकळी यायच्या आत उतरवून पातेलं मला बाहेर आणून दिलं. मी पंप जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला आणि पाण्यात सोडला. वर ताट झाकलं. वीस मिनिटं बसलो. तेवढ्या वेळात भाभींनी एकदा विचारलं, "च्या घेनार का?" मी नको म्हणालो. गल्लीत कुणीतरी फटाका उडवून बघितला, आणि नाझनीन दचकली. एवढंच झालं.

मग पंप बाहेर काढला. चटका बसत होता. फडक्यात धरून वायरी लावल्या.

पंप नुसता घूं घूं करत राहिला. फिरला नाही. पाच सेकंद वायरी तशाच धरल्या, त्या गरम झाल्या. काढल्या. पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. मी पंप नाझनीनच्या कानाजवळ नेला.

"ऐक. ताकद लावतोय, पण पंखा अडकलाय. मेमध्ये दुपारी दोनला टाकीत हा असाच तापला असंल. पेट्रोल तळाला, म्हणजे थंड करायला काही न्हाय. तू दुसरा टाकला असता, पहिला टाकला असता, क्लच दाबून धरला असता, तरी गाडी बंदच पडली असती. मी चालवत असतो तरी."

ती पंपाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अब्बू म्हणत होते त्या दिवशी. बंद पडल्यावर. घाबरू नको, ही गाडीची खोड आहे, दहा मिनिटं थांबू. हॅझर्डचे लाइट लाव म्हणाले. मी बटण शोधत होते."

भाभी तोंडाला पदर लावून आत गेल्या.

नाझनीननं मग जे विचारलं, त्यासाठीच मी आलो होतो आणि तेच मला नको होतं. "म्हणजे माझी चूक न्हाय. मग कुणाची?"

"पंखा बनवणाऱ्याची हाय. टेम्पोवाल्याची हाय," मी म्हणालो. "आणि माझी. सर म्हणाले होते, दुपारी माझ्यासंगं चला. मी गेलो न्हाय. हे पातेल्यातलं काम मी तेव्हा वर्कशॉपमध्ये अर्ध्या तासात करू शकत होतो. सर समोर बाकावर बसून होते."

मला वाटलं ती ओरडेल. बरं झालं असतं. पण ती वही छातीशी धरून बसून राहिली, आणि मग इतकंच म्हणाली, "काका, तुम्ही आता जा."

निघताना मी तीनही जॉब कार्डांच्या झेरॉक्स, कंपनीचं पत्र आणि मी काय तपासलं, काय दिसलं याचा सहीचा कागद भाभींच्या हातात ठेवला. पंपही त्यांच्याकडंच ठेवला. सिस्टीमप्रमाणे जुना पार्ट कंपनीला परत पाठवायचा असतो. मी तो पाठवला नाही.

सोमवारी साळुंके साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सही कशाला केली?" मग स्वतःच म्हणाले, "असू द्या." वरून विचारणा झाली, माझा जबाब झाला आणि मला काउंटरवरून काढून पार्ट्सच्या गोडाऊनला बसवलं. मी तक्रार केली नाही. नाझनीननं पोलिसांत पुरवणी जबाब दिला. कागद कोर्टात आहेत. कंपनीला तिनं पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं की वाहनाची तपासणी कंपनीच्या ठरलेल्या पद्धतीनं झालेली नसल्यामुळं त्यावर मत देता येत नाही. तिचे चाचा घरी येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले, असं भाभींनी फोनवर सांगितलं. ती कॉलेजला जाते का, असं मी विचारलं. "जाते," म्हणाल्या. "बसनं जाते. गाडीत बसत न्हाय."

गोडाऊनला जायच्या आधी यादीतले उरलेले फोन मीच केले. त्याला साहेबांनी आडकाठी केली नाही. निम्म्या गाड्या दुसऱ्याला विकलेल्या होत्या आणि पत्रं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर पडून होती. एक गाडी फिरत फिरत सोनारीला गेली होती. देवदर्शनाला येणाऱ्यांना परांड्याहून ने-आण करायची. मालकाला चार फोन केले. प्रत्येक वेळी एकच उत्तर. "गाडी झकास पळतीय की हो. कशाला उगं सीट उचकटायची?" पाचव्यांदा फोन न करता मी पंप घेऊन गेलो आणि देवळाबाहेर लिंबाच्या सावलीत बदलून आलो. जुना पंप त्याच्या हातात दिला. त्यानं उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "ह्येला तर काय झालेलं दिसत न्हाय."

म्हणून सांगतो. रिकॉलचं पत्र आलं तर गाडी चांगली चालतीय म्हणून ते बाजूला ठेवू नका. जुनी गाडी घेतली असेल, तर चॅसिस नंबर घेऊन वर्कशॉपला जा, काही रिकॉल बाकी आहे का विचारा आणि आपला मोबाइल नंबर नोंदवून घ्या. हे फुकट असतं.

आणि माझ्या धंद्यातल्या पोरांना एकच सांगणं आहे. स्कॅनरला फक्त कोड दिसतो. गिऱ्हाईक म्हणालं, माझ्यासंगं चला, तर जावं. अर्धा तास जातो.